बीटल कॅब्रिओलेच्या हूडचं (घडीच्या टपाचं) आतलं अस्तर बदलायचंय, बाहेरचं कापड न काढता जमेल का?

वाकड१३०३

गाडी १९७५ ची फोक्सवॅगन १३०३ कॅब्रिओले, मुक्काम पुणे. बाहेरचं काळं व्हिनाइल चार वर्षांपूर्वी नवीन घातलंय आणि उत्तम आहे, शिवणी शाबूत, कुठे तडा नाही. आतलं अस्तर मात्र जुनंच राहिलंय: फिकट बदामी, बारीक छिद्रांचं व्हिनाइल. दुसऱ्या आणि तिसऱ्या कमानीमध्ये (कमान म्हणजे टप पेलणारा आडवा दांडा) झोळ आलाय. ड्रायव्हरच्या डोक्यावर कमानीलगतची शिवण वीतभर उसवलीय. मागच्या काचेच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांत तपकिरी डाग आहेत. डाव्या बाजूला, सांगाड्याचे दांडे एकमेकांवरून दुमडतात तिथे, ग्रीसचे काळे ओरखडे आणि एक छोटं भोक आहे.

हात घालून पाहिलं तर अस्तराच्या वरच्या अंगाला कापडी पट्ट्या शिवलेल्या आहेत आणि त्या कमानींवर गुंडाळून चिकटवल्यात. पुढचं आडवं लाकूड ठणठणीत दिसतंय.

इथला कुशनवाला म्हणतो, आतूनच नवीन कापड चिकटवून देतो, एका दिवसाचं काम. ते करावं का? की बाहेरचं उतरवावंच लागेल? कापड कोणतं, किती, गोंद कोणता, हेही सांगा.

लोखंडलाकूड

आतून चिकटवू नका. जुन्या अस्तरावर नवीन कापड चिकटवलं की दोन थर एकजीव होऊन कडक पडतात, हूड दुमडताना कमानीलगत घडी न पडता मोड पडते आणि दोन-तीन महिन्यांत तिथूनच सुटायला लागतं. शिवाय जुनी शिवण आधीच उसवलेली आहे, म्हणजे नव्या कापडाचं वजनही तीच कमकुवत टीप पेलणार.

ही कॅब्रिओले बांधणाऱ्या कार्मान कंपनीच्या ओस्नाब्र्युकच्या (जर्मनी) कारखान्यात हे हूड ज्या क्रमाने चढायचं तो क्रम लक्षात घेतला की तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आधी सांगाडा आणि लाकूड. मग अस्तर. त्यावर गादी, म्हणजे घोड्याच्या केसांचा थर आणि त्याला धरून ठेवणारं कापड. सगळ्यात शेवटी बाहेरचं आवरण. अस्तराच्या पट्ट्या कमानीवर वरून येतात, त्यामुळे त्या नीट बसवायच्या तर कमानीची वरची बाजू मोकळी हवी. आतून हात पोचतो, पण ताण देता येत नाही. झोळ जातो तो ताणाने, गोंदाने नाही.

तुमच्यापुढे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. पहिला, अर्धं काम: पुढचं रबर आणि ते धरणारी पट्टी काढायची, बाहेरच्या कापडाची पुढची कड लाकडापासून सोडवायची, बाजूच्या कडा दुसऱ्या खिडकीपर्यंत मोकळ्या करायच्या आणि आवरण व गादी मागे परतवून तिसऱ्या कमानीपर्यंत जागा करायची. अस्तराचा पुढचा भाग नवा, काचेभोवतालचा जुना, जोड कमानीखाली लपतो. काच हलवावी लागत नाही हा मोठा फायदा. तोटा असा की बदामी रंग जुळत नाही. पन्नास वर्षांचं व्हिनाइल कितीही धुतलं तरी पिवळसरच राहतं.

दुसरा, पूर्ण काम: सगळं उतरवायचं. तुमचे डाग काचेच्या वरच्या कोपऱ्यांत आहेत म्हणून मी याच बाजूने आहे. तो डाग अस्तराचा नाही, गादीतून झिरपलेल्या पाण्याचा आहे. वर ओली राहून कुजलेली गादी तशीच ठेवून खाली नवं अस्तर लावलं तर पहिल्याच पावसाळ्यात तोच डाग परत उमटेल.

म्हणून काही उसवण्याआधी पाणी कुठून येतंय ते शोधा. नळाची बारीक धार, दाब नको. खालून सुरुवात करा: आधी काचेच्या रबराची खालची कड पाच मिनिटं, मग बाजू, मग वरची कड, शेवटी मागच्या कमानीवरची पायपिंग, म्हणजे पिना झाकणारी बारीक पट्टी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. बहुतेक वेळा दोषी निघते ती पायपिंग, कारण तिच्याखाली पिना कापडाच्या आरपार गेलेल्या असतात. चार वर्षांपूर्वी आवरण बसवताना तिथे सीलंटची रेघ दिली नसेल तर पाणी पिनांच्या भोकांतून थेट गादीत उतरतं.

खोलण्याआधी, हूड लावून, खटके बंद करून मापं घ्या. प्रत्येक कमानीच्या मध्यापासून पुढच्या कमानीच्या मध्यापर्यंत, डावीकडे, मधे आणि उजवीकडे. शिवाय पहिल्या आणि शेवटच्या कमानीमधले दोन्ही कर्ण. हे सगळ्यात महत्त्वाचं. कमानी जागेवर असतात त्या आवरण, गादी आणि पुढून मागे जाणाऱ्या नवार पट्ट्यांच्या ताणावर. ते काढलं की कमानी मोकळ्या होऊन हव्या तशा झुलतात आणि मग ‘साधारण इथे होती’ असं म्हणत लावलेलं अस्तर तिरकं जातं. नवार जुनी असेल तर ती बदलून, मापं परत जुळवून, कर्ण ३ मिमीच्या आत आल्यावरच अस्तराला हात लावा.

टीपकाम

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता कापणं आणि शिवणं.

जुनं अस्तर फाडून काढू नका, तोच तुमचा साचा आहे. प्रत्येक तुकड्यावर बॉलपेनने पुढची दिशा, मधली रेघ आणि क्रमांक लिहा, मगच शिवण उसवा. उसवलेला तुकडा सपाट कागदावर ठेवून खुणा उतरवा. झोळ आलेला तुकडा मात्र जसाच्या तसा उतरवायचा नाही, तो ताणला गेलाय. त्याची लांबी कमानींमधल्या मापावरून घ्या आणि रुंदी शेजारच्या चांगल्या तुकड्यावरून.

रेक्झिन आणि अपहोल्स्ट्रीचं कापड साधारण ५४ इंच पन्ह्याचं मिळतं. या गाडीला अस्तराला ४ मीटर घ्या. साडेतीनात बसतं, पण काचेभोवतालचा तुकडा एकदा चुकला तर दुसरा कापायला कापड उरत नाही. नेफ्यांसाठी, म्हणजे कमानींवर गुंडाळायच्या पट्ट्यांसाठी, वेगळं जाड सुती-पॉलिएस्टर ट्विल (तिरप्या विणीचं कापड), एक मीटर पुरे. नेफा अस्तराच्याच कापडाचा करू नका. व्हिनाइल ताणतं आणि नेफा ताणला की झोळ आला.

शिवणीला सव्वा सेंटिमीटर, पुढच्या आणि बाजूच्या कडांना ५ सेंटिमीटर सोडा, जास्तीचं शेवटी छाटता येतं. कमानींमधल्या भागाच्या बाजूच्या कडा सरळ कापायच्या नाहीत. मधोमध दीड ते दोन सेंटिमीटर आत जाणारी पोकळ वळणदार कड द्या. सरळ कड ताणली तर मधला भाग सैल पडून लोंबतो, पोकळ कड ताणली तर सपाट बसतो. जुन्या अस्तरात ही कड दिसेल, तिला कापताना झालेली चूक समजून सरळ करू नका.

दोरा बाँडेड पॉलिएस्टर. टेक्स ४५ (टेक्स म्हणजे दोऱ्याच्या जाडीचा आकडा) ला १६ नंबरची सुई, टेक्स ७० ला १८. सुती दोरा दमट हवेत कुजतो, तुमची वीतभर उसवण कदाचित त्याचीच. टाका साडेतीन ते चार मिमी, म्हणजे इंचात सहा-सात. व्हिनाइलवर बारीक टीप मजबूत होते असं समजू नका, टाके जवळ आले की शिवणीच्या रेषेत तिकिटासारखं फाटतं. नेफा लावताना तिन्ही थर, म्हणजे पुढचा तुकडा, मागचा तुकडा आणि नेफ्याची पट्टी, एकाच टिपेत घ्यायचे. टाचण्या लावायच्या त्या शिवणमार्जिनमध्येच, व्हिनाइलवरचं भोक बुजत नाही. टाचणीऐवजी कपड्यांचे चिमटे वापरा.

डाव्या बाजूच्या ग्रीसच्या ओरखड्यांचं कारण असं: हूड दुमडताना अस्तर बाहेर फुगतं आणि दांड्यांच्या कात्रीत सापडतं. नवीन अस्तरही तिथेच फाटेल. उपाय म्हणजे २५ मिमी रुंद इलॅस्टिक. दोन्ही बाजूंना, कडेपासून हातभर आत, एका नेफ्यापासून पुढच्या नेफ्यापर्यंत अस्तराच्या वरच्या अंगाने शिवायचं आणि मधोमध अस्तराला दोन टाक्यांनी अडकवायचं. हूड लावलेलं असताना इलॅस्टिक किंचित ताणात असावं, दुमडताना ते कापडाला आत ओढून घेतं. आणि सांध्यांना ग्रीस नको, कोरडं सिलिकॉन पुरे.

लावताना मधून सुरुवात. कमानीवर मधली रेघ खडूने काढा, नेफ्यावरही काढा, दोन्ही जुळवून आधी मध्य, मग डावीकडे-उजवीकडे थोडं थोडं. सगळ्या कमानींचा मध्य पक्का झाल्यावरच बाजूंना जा. एक कमान पूर्ण करून दुसरी घेतली तर पीळ पडतो आणि तो शेवटच्या कमानीला आल्यावरच दिसतो.

कोकणपट्टा

कापडाबद्दल थोडं वेगळं मत मांडतो. मूळ छिद्रांचं व्हिनाइल दिसायला अचूक, आणि प्रदर्शनात गाडी न्यायची असेल तर तेच घ्या. पण आपल्याकडच्या पावसाळ्यात गाडी चार महिने झाकून उभी राहणार असेल तर व्हिनाइलच्या मागे ओल अडकते आणि बुरशी धरते. घट्ट विणीचं पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-सुती ट्विल हवा जाऊ देतं आणि वाळतं. ग्रॅमेज, म्हणजे चौरस मीटरचं वजन, २०० ते २५० ग्रॅमच्या आसपास. त्याहून जाड घेतलं तर पुढच्या रबराखाली थर वाढतो आणि खटके बसायला जोर लागतो.

निव्वळ सुती घेणार असाल तर कापण्याआधी भिजवून, वाळवून, वाफेची इस्त्री करा. कोरं सुती कापड दोन ते पाच टक्के आटतं, म्हणजे सव्वा मीटरच्या रुंदीत तीन ते सहा सेंटिमीटर. एकदा दमट हवेत आटलं की बाजूचा गोंद उपसून निघेल.

मागे फोम चिकटवलेलं छताचं कापड, जे बंद गाड्यांच्या रूफला लावतात, ते इथे बिलकुल नको. तो फोम पॉलियुरेथेनचा असतो, उष्णता आणि दमटपणाने काही वर्षांत त्याचा भुगा होतो आणि कापड सुटून लोंबतं. बंद गाडीत निदान ते घडीत येत नाही, इथे रोज दुमडलं जाणार.

उष्णता कमी व्हावी म्हणून आत चंदेरी बबल शीट घालायचा सल्लाही मिळेल. घालू नका. त्यातून वाफ बाहेर जात नाही, गादी ओली राहते, लोखंडी कमानी गंजतात.

गादी बदलावी लागली तर घोड्याचे केस मिळाले नाहीत म्हणून गादीवाल्याकडचा रबराइज्ड काथ्या आणू नका. तो घडीवर मोडतो आणि त्याची टोकं अस्तरातून डोक्याला टोचतात. ८ ते १० मिमीचं दाबलेलं पॉलिएस्टर फेल्ट घ्या, दोन्ही बाजूंनी पातळ सुती-पॉलिएस्टर कापडात शिवून. पाणी धरत नाही आणि घडीही घेतं.

गोंद. पांढरा फेविकॉल नको, काळ्या हूडखाली उन्हात ७० अंशांच्या पुढे तापतं, तो मऊ पडतो आणि ओलीतही सुटतो. ट्विलला सिंथेटिक रबरचा काँटॅक्ट गोंद, फेविकॉल एसआर ९९८ सारखा, चालतो. व्हिनाइलला मात्र पॉलियुरेथेनचा गोंद बघा. व्हिनाइल मऊ ठेवणारं तेल हळूहळू रबराच्या गोंदात उतरतं आणि तो च्युइंगमसारखा चिकट, ढिला होतो. दोन वर्षांनी कडा सरकलेल्या दिसतात त्या यामुळे.

दोन्ही पृष्ठांवर पातळ थर, बोटाला तार येईनाशी झाली की जोडायचं. उन्हाळ्यात सात-आठ मिनिटं, थंडीत पंधरा. जून ते सप्टेंबर हे काम काढूच नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं, गोंद पांढुरका दिसतो आणि धरतच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

वाकड१३०३

सर्वांचे मनापासून आभार. पाण्याची चाचणी केली: पायपिंगच्या डाव्या टोकाकडून येतंय, काचेचं रबर कोरडं. म्हणजे पूर्ण काम करतो, डिसेंबरमध्ये, ट्विलमध्ये. दोन शंका उरल्या. काच काढून परत कशी बसवायची, आणि चार वर्षांचं बाहेरचं व्हिनाइल पुन्हा तसंच बसेल का?

लोखंडलाकूड

आवरण आधी. चार वर्षांचं आणि तडा नसलेलं असेल तर बसतं, पण उतरवताना घाई नको. पिना सपाट स्क्रूड्रायव्हरने अर्ध्या उचलून मग पक्कडीने सरळ वर ओढा. पक्कड तिरकी केली की भोक लांबट होतं. उतरवण्याआधी पुढच्या कडेची घडी जिथे लाकडावर येते तिथे आतल्या बाजूने पेन्सिलची रेघ मारा. हीच तुमची परतीची खूण. उतरवलेलं आवरण घडी घालून ठेवू नका, गालिच्यासारखं गुंडाळा आणि बसवण्याआधी तासभर उन्हात पसरा, मऊ पडतं. महिनाभर काढून ठेवलं तर आक्रसतं, म्हणून कापणं-शिवणं आधी उरकता येईल तेवढं उरका. सगळं हाताशी असेल तर दोन माणसांना तीन दिवस लागतात.

जुन्या भोकांत नव्या पिना धरत नाहीत. लाकडातली भोकं इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून बुजवा, एक दिवस वाळू द्या. पिना स्टेनलेसच्या, ८ किंवा १० मिमी पायाच्या. साध्या लोखंडी पिनांचा गंज ट्विलवर सहा महिन्यांत उमटतो. मागच्या कमानीवर पायपिंगखाली, कापडाच्या दोन थरांमध्ये, ब्यूटाइल सीलंटची बारीक रेघ आणि पायपिंगच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब. तुमचं पाणी डाव्या टोकातून येतंय म्हणजे तिथला टोकाचा स्क्रू बहुधा उघडा पडलाय.

आता काच. गरम तारांची असेल तर दोन्ही जोडण्या आधी सोडवा. आतून रबराची कड लाकडी पट्टीने परतवत वरच्या कोपऱ्यापासून बाहेर ढकला, बाहेर दुसऱ्या माणसाचे दोन्ही हात हवेत. काच आली की भोवतीची पत्र्याची चौकट तपासा, खालच्या दोन कोपऱ्यांत गंज असतोच. घासून, इपॉक्सी प्रायमर मारून, पूर्ण वाळल्यावरच पुढे जा.

अस्तरात काचेचं भोक आधी कापून ठेवू नका. नेफे बसले, बाजू ताणल्या, मागची कड लाकडाला टाचली, मग चौकटीच्या आतल्या कडेपासून २५ मिमी आत कापा. कोपऱ्यांत कडेच्या ५ मिमी अलीकडे थांबणाऱ्या चिरा द्या आणि चौकटीवर उलटवून चिकटवा. आधी कापलं तर ताण देताना भोक अंडाकृती होतं आणि एका बाजूला कापड अपुरं पडतं.

बसवताना रबर आधी काचेला चढवा. रबराची जी खाच चौकटीवर जाते तिच्यात ४ मिमीची नायलॉन दोरी सगळीकडून घाला, टोकं खालच्या मध्यावर एकमेकांवरून हातभर जाऊ द्या. खाचेत साबणाचं पाणी लावा; तेल किंवा ग्रीस नको. बाहेरून एकाने तळव्याने दाबत राहायचं, आतून दुसऱ्याने दोरी चौकटीला समांतर हळू ओढायची. दोरी येते तशी रबराची कड अस्तरावर उलटते. काटकोनात ओढली तर रबर चिरतं.

सगळं झाल्यावर हूड आठवडाभर बंद ठेवा. मग पहिल्यांदा दुमडताना आत एक माणूस बसवा आणि प्रत्येक सांध्यात कापड सापडतंय का ते बघत सावकाश दुमडा.

जिप्सीवाला_सातारा

याच धाग्यात विचारतो. मारुती जिप्सीच्या कॅनव्हास टपाला आत अस्तर नसतंच. उन्हात डोकं भाजतं आणि पावसात आतून थेंब गळतात. असंच काही शिवून लावता येईल का?

टीपकाम

येईल, पण कॅनव्हासला चिकटवू नका. कॅनव्हास दोन्ही बाजूंनी वाळला पाहिजे. वेगळा पडदा शिवा: वर सांगितलेलंच २०० ग्रॅमचं पॉलिएस्टर ट्विल, प्रत्येक आडव्या पाइपच्या जागी १० सेंटिमीटर रुंद पट्टी, पट्टीच्या दोन्ही कडांना २५ मिमी वेलक्रो. पट्टी पाइपवरून गुंडाळून आत बंद करायची. म्हणजे टप काढायचा असेल तेव्हा पडदा पाच मिनिटांत उतरतो. कॅनव्हास आणि पडद्यात दोन-तीन सेंटिमीटर हवा राहू द्या, उन्हाचा फरक तीच पाडते. बाजूच्या कडा टपाला टाचू नका, मोकळ्या लोंबू द्या, नाहीतर हवा खेळत नाही.

थेंब गळतात ते बहुतेक गळतीचे नसून वाफेचे असतात, काचा बंद ठेवून तीन-चार माणसं बसली की थंड कॅनव्हासवर जमतात. खात्री करायला कोरड्या दिवशी टपावर पाणी मारा आणि आत कोणी न बसता पंधरा मिनिटांनी बघा. तरीही ओल दिसली तर ती शिवणीतून येतेय. बाहेरून शिवणींवर मेणाची कांडी घासून हेअर ड्रायरने वितळवा, मगच पडदा लावा.